पाडव्याची पेपरातली जाहिरात यंदा द्यावी की नको?

डंकवाला
१२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

कोल्हापुरात आमचा डंक आहे. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो, डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खाली उखळात मिरची कुटली जाते. ग्राइंडरवर चटणी तापते, रंग उतरतो. डंकावर तसं होत नाही. आणि चटणी म्हणजे आमच्याकडं कांदा-लसूण चटणी. यावरून धाग्यावर भांडण नको.

फेब्रुवारी ते मे हा आमचा हंगाम. बायका ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी असं आपापल्या हिशोबानं घेऊन, देठं काढून, उन्हात वाळवून आणतात आणि समोर बसून कुटून घेतात. गेली चार वर्षं आम्ही तयार चटणीची पाकिटंही विकतोय.

आता प्रश्न. मला कळतंय तेव्हापासून दर पाडव्याला आमची पेपरात जाहिरात असते. वडिलांचा फोटो, डंकाचा फोटो आणि खाली 'आमची कोठेही शाखा नाही'. शिवाय पेपरात घालायला पाच हजार पत्रकं, केबलवर खालून सरकणारी पट्टी आणि स्टँडजवळची एक रंगवलेली भिंत. गेल्या आठवड्यात जाहिरात विभागाचा माणूस यंदाचं रेटकार्ड ठेवून गेला. वडील म्हणाले, "देऊन टाक." मी म्हटलं, थांबा.

कारण डिसेंबरपासून मी काउंटरवर एक वही ठेवलीय. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतो, आमचं कुठून कळलं? दीडशेच्या आसपास नोंदी झाल्या. शेजारणीनं सांगितलं म्हणणारे निम्म्याहून जास्त. मोबाईलवर नकाशात दिसलं म्हणणारे तीसेक, आणि ती नोंद आम्ही केलेलीसुद्धा नाही! पेपरचं नाव सातांनी घेतलं. त्यातले दोघं वडिलांचे वर्गमित्र.

घरात आता दोन पक्ष पडलेत. वडील म्हणतात, पाडव्याला पेपरात नाव दिसलं नाही की लोकांना वाटतं दुकान बंद पडलं. मी म्हणतो, तेच पैसे ऑनलाइन घालू. आई म्हणते, दोघंही आधी मिरचीची देठं काढायला बसा.

सेमिनारमधलं ज्ञान नको. कुणी स्वतःचे पैसे घालून बघितलेत का, ते सांगा.

---

रद्दीवाला
१२ फेब्रुवारी, रात्री १०:५८

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. नंतर सविस्तर लिहीन.

---

शंकासुर
१२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

हा धागाच जाहिरात आहे हो. ओळखलं नाहीत का, लोकहो? :)

---

डंकवाला
१२ फेब्रुवारी, रात्री ११:०९

दुकानाचं नाव कुठं लिहिलंय का? कोल्हापुरात शोधायला गेलात तर दर पेठेत एक डंक सापडेल. शोधा.

---

कॉलम सेंटीमीटर
१३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं जाहिरात एजन्सीत काढली, तेव्हा खरं तर मी त्यांच्या पक्षात असायला हवं. पण नाही.

आमच्या वेळी जस्ताचे ब्लॉक होते, मग ब्रोमाइड आलं, मग पेस्टिंग, फ्लॉपी, आणि शेवटी पीडीएफ. एवढं सगळं बदललं, पण एजन्सीचं १५ टक्के कमिशन आणि गिऱ्हाइकाचा अभिप्राय कधी बदलला नाही. अभिप्राय असायचा, "छान दिसली हो जाहिरात." दिसली! लागू पडली की नाही ते त्यालाही माहीत नसायचं आणि आम्हीही विचारायच्या भानगडीत पडायचो नाही. तुम्ही जी वही ठेवलीत ती माझ्या ३१ वर्षांत एका गिऱ्हाइकानं ठेवलेली पाहिली नाही.

आमचे साहेब एक गोष्ट नेहमी सांगायचे. १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, पेपर संपला. १९७६ ला दूरदर्शनवर सुरू झाल्या तेव्हा पुन्हा तेच. पेपर काही संपला नाही. का? कारण टीव्हीवर साबण, टूथपेस्ट आणि पंखेवाले गेले. डंकवाल्याला तिथं कोण विचारतो? छोट्या माणसाला पेपरशिवाय दुसरी जागाच नव्हती. आमची रोजची भाकरीही छोट्या जाहिरातींवरच होती. भाड्याने देणे आहे, पाहिजेत, वधू-वर, स्कूटर विकणे आहे.

तीच भाकरी गेली. नोकरी डॉट कॉम १९९७ सालचं. पहिल्यांदा नोकऱ्या तिकडं सरकल्या, मग स्थळं, मग जागा, मग जुन्या गाड्या. एकदम नाही, दर वर्षी अर्धा कॉलम कमी. मी निवृत्त झालो तेव्हा भरवशाचं उरलं होतं ते जाहीर नोटिसा, कारण त्या कायद्यानं छापाव्याच लागतात. शिवाय श्रद्धांजल्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस, आणि पाडवा-दसऱ्याला सराफ अन् बिल्डर. तुमच्या वडिलांची जाहिरात या गर्दीत कोपऱ्यात बसते. वरच्या अर्ध्या पानात तन्मणी घातलेली नटी असते. तिच्याखाली मिरची कोण बघणार?

एक मात्र वडिलांचं खरं आहे. पेपरात नाव म्हणजे हा माणूस पळून जाणार नाही, असा एक भरवसा होता. तो ऑनलाइन विकत मिळत नाही. तो कसा आणायचा ते बघा.

---

पेन्शनर
१३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी ७६ वर्षांचा. चहाबरोबर पेपर लागतो. जाहिरातीही वाचतो, श्रद्धांजलीचं पान आधी. (आपलं नाव नाही ना, ते बघून घेतो.) व्हॉट्सॲपही आहे, पण तिथं नातवाचे फोटो बघतो. कुणी काही विकायला आलं की अंगठा आपोआप पुढं सरकतो.

मसाला घरात कुणाकडून आणायचा ते मात्र सूनबाई ठरवते आणि ती पेपर वाचत नाही. तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

---

क्लिकचा कारकून
१३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

हेच काम करतो, पोटापाण्यासाठी. सेमिनार घेत नाही.

डंकवाले, तुमचे धंदे दोन आहेत आणि तुम्ही एकाच जाहिरातीत दोन्ही कोंबताय.

कुटून देणं हा पाच-सात किलोमीटरचा धंदा. मिरचीचं पोतं घेऊन इचलकरंजीहून तुमच्याकडं कुणी येणार नाही. त्याला गूगल नकाशावरची नोंद पुरते आणि ती फुकट असते. तुमची नोंद आधीच आहे म्हणताय, म्हणजे कुणा गिऱ्हाइकानं किंवा गूगलनं आपणहून केलेली असणार. नाव अर्धवट असेल, वेळ चुकीची असेल, फोटो कुणाच्या तरी चपलेचा असेल. आज रात्रीच ती ताब्यात घ्या. पूर्वी पत्त्यावर पोस्टकार्ड यायचं, आता बहुतेकांना व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. रस्ता, पाटी, आतलं यंत्र आणि आपल्या हातानं शटर उघडताना. मग वेळ भरा, सुट्ट्या भरा, फोन नंबर भरा. लोकांनी लिहिलेल्या परीक्षणांना उत्तरं द्या, वाईटांना आधी. पाच ताऱ्यांच्या बदल्यात पावशेर चटणी वाटू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि एका दिवसात पंचवीस जणांनी "अप्रतिम" लिहिलं की वाचणाऱ्यालाही वास येतो.

पाकिटं हा दुसरा धंदा, आणि त्याचं गिऱ्हाईक कोल्हापुरात नाही. कोल्हापुरात प्रत्येक घरी वर्षाची बरणी भरलेली असते. ते गिऱ्हाईक आहे हिंजवडीत, हडपसरला, ठाण्यात. आईनं दिलेली चटणी संपलेला मुलगा. पेपरातली जाहिरात नेमकी त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण ती तो सोडून गेलेल्या जिल्ह्यात छापली जाते. इथं ऑनलाइनला पर्यायच नाही. जाहिरात लावताना कोल्हापूर वगळा.

तिसरं, शब्द. माणसं मराठीत बोलतात पण शोधताना रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि 'लसूण'ची चार स्पेलिंगं करतात. वर्णनात देवनागरी आणि रोमन दोन्ही घाला. 'डंक' हा शब्द घाटाखाली कुणाला कळत नाही. हिंदीत तर त्याचा अर्थ विंचवाचा. तुमची जाहिरात पाहून कुणी औषध विचारलं तर रागावू नका.

आणि फेसबुकवरचं ते 'बूस्ट पोस्ट' बटण दाबू नका. त्यानं अंगठे मिळतात. अंगठे कुटून चटणी होत नाही. बटण दाबलं की थेट तुमच्याशी व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू होईल अशी जाहिरात लावता येते, ती लावा. दिवसाला दोन-तीनशे रुपये, सात दिवस, आणि त्या सात दिवसांत रोज बदल करत बसू नका. कुणाला दाखवायचं ते यंत्रणेला कळायला वेळ लागतो. रोज झाकण उघडून बघितलं तर लोणचंसुद्धा मुरत नाही.

---

डंकवाला
१३ फेब्रुवारी, दुपारी २:०२

नोंद बघितली. फोटो खरंच चपलेचा आहे. दंडवत.

---

शंकासुर
१३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

सगळे माना डोलवताहेत म्हणून थोडा उलटा सूर.

एक. पेपरातल्या जागेवर जीएसटी ५ टक्के, ऑनलाइन जाहिरातीवर १८. स्वस्त स्वस्त म्हणताना हा आकडा कुणी सांगत नाही.

दोन. २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉक आणि आणखी ५८ ॲप्स भारतात बंद झाली. ज्यांनी तिथं लाखभर मंडळी जमवली होती त्यांचं सकाळी काय उरलं? चूक त्यांची नव्हती, सरकार आणि चीनच्या भांडणात ते सापडले. भाड्याच्या जागेत दुकान थाटून मालक झाल्याचा आव आणू नये.

तीन, आणि हे कुणालाच आवडणार नाही. तुमच्या पाडव्याच्या जाहिरातीतून पेपरच्या तालुका बातमीदाराचं मानधन निघायचं. पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे, महापालिकेत कोणतं टेंडर कुणाला गेलं, हे त्यानं लिहायचं. ते पैसे आता दोन अमेरिकन कंपन्यांना जाणार. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढला, वर्गणीदार जेमतेम, आणि आठ वर्षांत बंद करावा लागला. पेपर वाचकाच्या पैशांवर चालत नाही हे तेव्हापासून माहीत आहे. जाहिरातदार गेला की पुढाऱ्याच्या वाढदिवसावर जगायचं. मग तोच पुढारी बातमीही सांगतो.

---

कॉलम सेंटीमीटर
१३ फेब्रुवारी, रात्री ८:४५

शंकासुर, तिसऱ्या मुद्द्यावर मी निरुत्तर आहे. पण त्याचा भार डंकवाल्यानं का उचलावा? पेपर जगवायचा असेल तर त्यानं पेपरची वर्गणी भरावी, बातमीला पैसे मोजावेत. मिरचीच्या जाहिरातीचा कप्पा वेगळा ठेवावा.

आणि पेपर अगदीच मेला असंही कुणी समजू नका. अमेरिकेत झालं तसं आपल्याकडं झालेलं नाही. भारतीय भाषांतले पेपर अजून बऱ्यापैकी तग धरून आहेत.

---

क्लिकचा कारकून
१३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

सहमत. विदा (डेटा) हवा असेल तर माध्यम-उद्योगावरच्या फिक्की-ईवायच्या अहवालात आहे. २०२४ साली भारतात डिजिटल माध्यमांनी उलाढालीत पहिल्यांदाच टीव्हीला मागं टाकलं. पेपर त्याच्या मागं आहे, पण आहे.

जीएसटीचं म्हणाल तर डंकवाल्यांची नोंदणी असेल आणि ते कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) नसतील तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळतं. फक्त जाहिरातीच्या खात्यात स्वतःचा जीएसटी नंबर भरायचा. निम्मे लोक भरत नाहीत. (निम्मे हा माझा अंदाज, विदा मागू नका.)

---

लेस्टरची लेक
१४ फेब्रुवारी, पहाटे ३:४०

इकडं इंग्लंडात घरोघरी यलो पेजेसचं, म्हणजे धंदेवाल्यांच्या फोन नंबरांचं, जाडजूड पुस्तक यायचं. मी आले तेव्हा दार अडवायला वापरायचो. १९६६ ला ब्रायटनमध्ये पहिलं निघालं आणि जानेवारी २०१९ मध्ये शेवटचंही ब्रायटनमध्येच वाटलं. आता ते फक्त वेबसाइटवर आहे. दाराला लाकडाची पाचर आणलीय.

अवांतर: चटणी इकडं पाठवता का?

---

डंकवाला
१४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

ताई, कस्टमचे कागद अजून अभ्यासतोय. पाठवायला लागलो की कळवतो.

एक अडचण. जुन्या गिऱ्हाइकांचे तीनेकशे नंबर होते, त्यांना व्हॉट्सॲपवर 'हंगाम सुरू' असा निरोप पाठवला. निम्म्यांना पोचलाच नाही. कुणाला माहीत आहे का, असं का होतं?

---

कलमवाला
१४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

देवगडचो आंबेवालो. ह्या माका पाठ आसा, पण प्रमाण भाषेत सांगतो.

ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसं मावतात. आणि ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनात साठवलाय, त्यालाच निरोप पोचतो. तुमच्याकडं त्याचा नंबर असून उपयोग नाही, त्याच्याकडं तुमचा हवा. म्हणून मी पेटीत एक चिठ्ठी घालतो: 'हा नंबर साठवून ठेवा, पुढल्या वर्षी पहिली पेटी निघाली की कळवू.' यापेक्षा स्वस्त जाहिरात मला माहीत नाही.

माझं कसं झालं ते सांगतो. २०२० पर्यंत आमचा सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात. पेटी गाडीत चढली की आपला संबंध संपला, मग दलालाच्या हिशोबाच्या पट्टीत येईल तो भाव. आंबा कुणी खाल्ला, गोड लागला की आंबट, काही कळायचं नाही. वडिलांनी चाळीस वर्षं आंबा विकला आणि एकाही गिऱ्हाइकाचं तोंड बघितलं नाही. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी आली आणि झाडावर आंबा तयार. मुंबईत तर पेपर छापणंसुद्धा काही दिवस थांबलं होतं, पुढं एप्रिलात सरकारनं घरोघरी टाकायलाही बंदी केली. म्हणजे जाहिरात द्यायची म्हटली तरी देणार कुठं? पुतण्या ठाण्याला असतो. त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर बागेचा फोटो टाकला. रात्रीत चाळीस पेट्या लागल्या. पणन मंडळानंही तेव्हा शेतकऱ्यांची आणि सोसायट्यांची गाठ घालून दिली. गाडी गेटवर उभी करायची, एकेकानं खाली येऊन पेटी न्यायची. त्यातली बरीच घरं अजून माझ्याकडून घेतात.

आता माझा मूर्खपणा. पुढं हाव सुटली. कुणाकडून तरी दोन हजार अनोळखी नंबर मिळवले आणि सगळ्यांना निरोप धाडला. लोकांनी तक्रारी केल्या आणि ऐन एप्रिलात नंबर तीन दिवस बंद. झाडावरचा आंबा काय तीन दिवस थांबतो? आणि ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो का? फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा सगळं एकदम सहाएक तास बंद होतं. हंगाम नव्हता म्हणून मी शांत झोपलो. सकाळी उठून शंभर पानी वही आणली.

त्या वहीत नाव, इमारत, फोन, किती डझन, तयार आंबा आवडतो की कडक, आणि मुलीचं लग्न कधी आहे. शंकासुरांचं बरोबर आहे, जागा भाड्याची आहे. भाड्याच्या जागेत बसून आपली वही भरून घ्यायची. उद्या मालकानं काढलंच तर वही काखेत मारून पुढच्या जागेत.

एक सावधगिरीची गोष्ट. माझ्याच बागेचे फोटो लावून कुणी तरी भलत्याच आंब्याला देवगड म्हणून विकत होतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२५ च्या हंगामापासून आमच्या आंबा उत्पादक संस्थेनं प्रत्येक फळावर वेगळ्या कोडचा स्टिकर आणलाय. तुमच्या चटणीवर काय लावणार? पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर असेलच, तो फोटोतही नीट दिसू दे. आणि तुमचा चेहरा दिसू दे. चेहरा चोरायला लोक जरा घाबरतात.

---

डंकवाला
१४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. 'वही काखेत मारून' यावर म्हणाले, "हा माणूस धंदा जाणतो." माझं मत त्यांनी अजून मान्य केलेलं नाही, पण कलमवाल्यांचं केलं.

---

चकलीचा काटा
१५ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

डोंबिवलीहून. दिवाळीचा फराळ करते, चार बायका हाताशी असतात.

दोन वर्षांपूर्वी एक रीलवाली मुलगी आली. चकली, कडबोळी, अनारसे खाल्ले, डबा बांधून नेला, पैसे पण घेतले, आणि "मला अचानक हे दुकान सापडलं" असं सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर ही जाहिरात आहे असं रीलवर स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेची तशी नियमावली २०२१ पासूनची आहे. ज्यांना बोलवाल त्यांना आधीच सांगा, नाही तर फजिती आपली होते.

पण खरी फजिती पुढची. रील चाललं. तीन दिवसांत बेंगळुरू, इंदूर, नागपूर, कुठून कुठून मागण्या. मी हो म्हणत गेले. घरात सोऱ्या दोन, कढया दोन. नव्या बायका आणल्या, भाजणीचं प्रमाण चुकलं. चकल्या कुरियरनं गेल्या आणि चुरा होऊन पोचल्या. एकानं चुऱ्याचा फोटो टाकून लिहिलं, 'चकली मागवली, चिवडा आला.' एक तारा. अजून आहे तो तिथं.

आणि पोचल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्यांतली काही पार्सलं दार न उघडता परत आली. जायचा खर्च माझा, यायचाही माझा. आता आधी पैसे, आणि दिवसाला जेवढं होतं तेवढीच मागणी घेते. चकली डोंबिवली-ठाण्याच्या बाहेर पाठवत नाही, लांबच्यांना शंकरपाळे. ते आपटले तरी तुटत नाहीत, माझ्या सासूबाईंच्या हातचे असतील तर दातही तुटतात.

डंकवाले, तुमची चटणी फुटत नाही, पण तेल सुटतं का पाकिटातून? आधी चार पार्सलं स्वतःच्या नातेवाइकांना पाठवून बघा. जाहिरात नंतर.

---

डंकवाला
१५ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

सुटतं! आत्येबहिणीला ठाण्याला पाठवली होती, तिच्या दाराशी डबा नारिंगी होऊन पोचला. खोबऱ्याचं तेल. आतून दुसरी पिशवी लावायचं चाललंय.

---

रद्दीवाला
१६ फेब्रुवारी, रात्री ११:५०

आलो. सविस्तर लिहिणार होतो पण सगळं लिहून झालंय. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

---

पेन्शनर
१७ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

एक सुचवू? आमच्या स्वयंपाकघरात गेली कित्येक वर्षं एका किराणा दुकानाचं कॅलेंडर आहे. गॅस कधी लावला, दूध कधी आलं नाही, सगळं त्यावर लिहिलेलं. ते पेपर नाही आणि मोबाईलही नाही, पण दिवसातून दहा वेळा त्या दुकानाचं नाव डोळ्यांसमोरून जातं. तुम्हीही कॅलेंडर काढा. कोपऱ्यात तो काळा-पांढरा चौकोन छापा, सूनबाई त्याच्यावर मोबाईल धरेल.

---

डंकवाला
२३ मार्च, रात्री ११:२०

पाडवा झाला. थोडं अपडेट.

तह झाला. पेपरातली जाहिरात दिली, पण निम्म्या आकाराची. वडिलांचा फोटो राहिला, डंकाचा गेला, आणि त्या जागी क्यूआर कोड. पत्रकं आणि केबलची पट्टी बंद. भिंत ठेवली, कारण ती रंगवणारा पेंटर वडिलांचा मित्र आहे आणि त्याचं नाव काढायची माझी छाती नाही. पेपरातल्या कोडसाठी वेगळा निरोप ठेवला होता, म्हणजे तिथून कोण आलं ते कळावं. आत्तापर्यंत अकरा जण आले. वडील म्हणाले, "बघ, अकरा!" मी गप्प बसलो.

ऑनलाइनचं सांगतो. पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या एका माणसाकडून छापील जाहिरातीसारखं चित्र करून घेतलं. पिवळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, 'अस्सल कोल्हापुरी'. कुणी ढुंकून बघितलं नाही. एकानं खरंच विचारलं, मधमाशी चावल्यावर लावायचं का हे. मग एक दिवस आई देठं काढत बसली होती आणि मागं डंक चालला होता. धपाक धपाक धपाक. मी बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. गाणं नाही, अक्षरं नाहीत, फक्त तो आवाज, आणि शेवटी आई वर बघून म्हणते, "बंद कर ते, मिरची उडतीया." तोच लावला. दिवसाला तीनशे, पुणे आणि ठाणे.

निरोप यायला लागले. पण 'किंमत किती' असे नव्हते. "आमच्या गल्लीत असाच आवाज यायचा", "आजी गेली तेव्हापासून हा आवाज ऐकला नाही", "शिंका आल्या". त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर चटणी मागवली. एक बाई वाकडमध्ये राहतात, माहेर गडहिंग्लज. म्हणाल्या, संकेश्वरी जास्त घालून वेगळी करून द्याल का? दिली. त्यांनी सोसायटीतल्या सहा जणींना सांगितलं. वहीत 'शेजारणीनं सांगितलं'चा रकाना पुन्हा भरायला लागलाय, फक्त शेजारीण आता वाकडची आहे.

आणि हो, फसवणुकीचा प्रयत्नही झाला. "सैन्यातून बोलतोय, कॅम्पसाठी चाळीस किलो हवी, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." आई शेजारीच होती. म्हणाली, "पैसे घ्यायला पिन कशाला लागतो रे?" ठेवला फोन.

---

चकलीचा काटा
२३ मार्च, रात्री ११:३४

आईंना माझा नमस्कार. चाळीस किलोचा फोन मलाही आला होता, चकलीसाठी. तेव्हा माझ्याजवळ तुमची आई नव्हती.

---

कॉलम सेंटीमीटर
२४ मार्च, सकाळी ६:४०

"मिरची उडतीया." तीस वर्षं आम्ही टेबलाभोवती बसून मथळे जुळवले, असा एक नाही जमला.

अकरा जणांचा आकडा मात्र मी कापून ठेवतोय. पाडव्याच्या जाहिरातीनं किती माणसं आणली हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

---

शंकासुर
२४ मार्च, सकाळी १०:१५

निम्मी जाहिरात दिलीत म्हणजे निम्मा बातमीदार वाचला. चला. पाव किलो माझ्याकडून, तिखट. दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

डंकवाला
२४ मार्च, सकाळी १०:२२

केलं.

---

शंकासुर
२६ एप्रिल, सकाळी ११:०५

डंकवाले, कोल्हापुरात आलोय, मेहुण्याकडं. चटणी संपली. रविवारी चालू असता का? गूगलवर 'आज बंद' दाखवतंय.

---

डंकवाला
२६ एप्रिल, सकाळी ११:०७

हंगामात रविवारीच सगळ्यात जास्त गर्दी असते हो! या तुम्ही.

---

क्लिकचा कारकून
२६ एप्रिल, सकाळी ११:१२

वेळ नीट भरा म्हणून १३ फेब्रुवारीला सांगितलं होतं.

---

डंकवाला
२६ एप्रिल, सकाळी ११:१९

भरली आत्ता. दहा रविवार गेले.